जेवत्या माणसाला उठवू नये : बड-टेरेन्सपट बघण्याची प्राथमिक मार्गदर्शिका

सर्वात आधी जेवून घ्या. हे सिनेमे उपाशीपोटी बघू नयेत, हे अनुभवाने सांगतो. १९७० च्या 'दे कॉल मी ट्रिनिटी'त धुळीने माखलेला टेरेन्स हिल खानावळीत येतो, घेवड्याचं अख्खं पॅन पुढ्यात ओढतो आणि पाव मोडून मोडून तळ दिसेपर्यंत चापतो. कॅमेऱ्याला दुसरं काही काम नसतं. तुम्ही मात्र मध्येच उठून फ्रिज उघडाल आणि काहीतरी चुकवाल. नाही, चुकवण्यासारखं फारसं नसतं म्हणा. तरीही.

आता ओळख. दाढीवाला, कपाटाएवढा तो बड स्पेन्सर. निळ्या डोळ्यांचा, सडपातळ तो टेरेन्स हिल. नावांवर जाऊ नका, दोघेही इटलीचे. बड मूळचा नेपल्सचा कार्लो पेदेर्सोली : शंभर मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन, १९५२ आणि १९५६ च्या ऑलिंपिकला जाऊन आलेला. पडद्यावरचं नाव त्याने बडवायझर बिअर आणि स्पेन्सर ट्रेसी यांच्यातून जुळवलं. टेरेन्स म्हणजे व्हेनिसचा मारिओ जिरोत्ती. दिग्दर्शक विस्कोंतीच्या 'द लेपर्ड'मध्ये काम केलेला हा देखणा पोरगा १९६७ साली बडच्या जोडीला आला तो केवळ ठरलेल्या नटाने पाय मोडून घेतला म्हणून.

कथेची काळजी करू नका. कथा एकच आहे. जाड्याला एकटं राहायचंय, बारक्या त्याला एकटं राहू देत नाही, आणि कुणीतरी मालदार दांडगा येऊन दोघांच्याही ताटात माती कालवतो. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. तो 'पुढे काय' म्हणून डोळे ताणून बसतो. तमाशाला बसलेल्या माणसाला गणानंतर गौळण येणार हे पाठ असतं. मावशी येणार हेही. आज ती कशी येते, एवढंच त्याला बघायचं असतं. तसं बसा.

मारामारीचा अभ्यास मात्र मन लावून करावा, कारण इथे खरी कारागिरी आहे. बडचा मुख्य ठोसा समोरून येत नाही, वरून येतो : मूठ वळायची आणि खिळा ठोकावा तशी टाळक्यावर सोडायची. समोरचा जमिनीत गेल्यासारखा खाली बसतो. दोन गुंड एकदम आले तर त्यांची डोकी टाळ वाजवावेत तशी एकमेकांवर. शिवाय उघड्या हाताची थप्पड, जिला आपल्याकडे कानाखाली गणपती काढणं म्हणतात. टेरेन्सची तऱ्हा वेगळी. तो मारण्यापेक्षा चुकवतो, वाकतो, टेबलावरून घसरतो, आणि मागचा गुंड पुढच्या गुंडाला हाणतो. आवाज मागाहून भरलेले, इतके कोरडे आणि खणखणीत की जणू कुणी फरशीवर फळी आपटतंय.

रक्त शोधू नका. पहिल्या ट्रिनिटीत सुरुवातीला काही माणसं गोळीने मरतात खरी. स्पॅगेटी वेस्टर्नची, म्हणजे इटालियन काउबॉयपटांची, ती जुनी खोड अजून सुटायची होती. दिग्दर्शक एन्झो बार्बोनी आधी छायाचित्रकार. 'जँगो'तला चिखल आणि मढी त्यानेच चित्रित केली होती. मढ्यांचा कंटाळा कुणाला येणार, तर त्यालाच. पुढे पुढे मार खाल्लेले उठतात, टोपी शोधतात आणि पुन्हा रांगेत येतात. त्यांतल्या एकाला ओळखायला शिका : रिकार्दो पित्झुती. सिनेमा कुठलाही असो, तो बहुधा असतो आणि त्याला चोप बसतो. एकदा ओळख पटली की लग्नात दूरचा काका दिसावा तसं बरं वाटतं.

भाच्याला मी एकदा हे सगळं दाखवलं. तो म्हणाला, "मामा, पण हे खोटंय ना?" मी म्हटलं, "हो." मग त्याने ती मारामारी चार वेळा मागे नेऊन बघितली.

पहिला सिनेमा कुठला घ्यावा? १९७४ चा 'आल्त्रिमेन्ती ची आर्राब्यामो', म्हणजे 'नाहीतर आम्हाला राग येईल'. या नावातच सगळं शास्त्र आहे. दोघांची शर्यत बरोबरीत सुटते, बक्षिसाची डून बग्गी एकच : लाल, पिवळ्या टपाची. ती कुणाची, हे बिअर आणि सॉसेजच्या पैजेवर ठरायचं असतं. पैज रंगात आलेली असताना गुंड येतात, दुकान फोडतात आणि गाडीचा चुराडा करतात. जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये, ही साधी गोष्ट त्यांना कुणी शिकवलेली नाही. दोघे शांतपणे गुंडांच्या मालकाकडे जातात आणि नवी गाडी मागतात. लाल. पिवळ्या टपाची. मालक ऐकत नाही, कारण त्याच्या पदरी डोनाल्ड प्लेझन्सने केलेला एक डॉक्टर आहे, जो त्याला आणखी दुष्ट व्हायला शिकवतो.

यातला समूहगायनाचा प्रसंग उभं राहून बघितला तरी चालेल. अग्निशमन दलाच्या गायकवृंदाची तालीम चालू आहे. बड खर्जात गातोय, टेरेन्स त्याच्या शेजारी घुसलाय, आणि मारेकरी नेम धरून बसलाय. दोघांना ते कळतं. पण तालीम मोडायची कशी? म्हणून ते गात राहतात. तोंडाने 'ला ला ला', डोळ्यांत धास्ती, आणि बडच्या कपाळावर हळूहळू चढत जाणारी ती आठी. ठोसा एका क्षणाचा असतो. मजा या आठीची आहे. ती पुरती चढेपर्यंत कुणीही पॉपकॉर्न कुरकुरवू नये.

शेवट सांगितला म्हणून रागावू नका, तो सांगितल्याने काही बिघडत नाही. मालक शरण येतो, एक सोडून दोन बग्ग्या देतो. लगेच त्यांतल्या एकीचा चक्काचूर होतो. उरली एक, माणसं दोन. पुन्हा बिअर मागवतात, पुन्हा सॉसेज.