सटाण्यातली पावसाळी सहल: नवशिक्यांसाठी सवलतींचे सहा धडे

पाऊस लागला की गिऱ्हाईक ओढायला तिकिटं उतरवायची, ही मोठ्या शहरांची रीत. सटाण्यात बहुतेक ठिकाणी तिकीटखिडकीच नाही, त्यामुळे सवलत थेट शंभर टक्के. ती पदरात कशी पाडायची, ते क्रमाने पाहू.

१. आधी पाऊस गाठा. हे सगळ्यात अवघड. पेठ-सुरगाण्यात तो मनसोक्त कोसळतो आणि सटाण्याच्या बागलाण तालुक्यात येईपर्यंत हात आखडता घेतो. छत्री घेऊन निघालात तर ऊन पडेल. छत्री घरी विसरा.

२. माणसं हिशेबानं निवडा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पासष्टी ओलांडलेल्यांना अर्धं आणि पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट. तेव्हा आजी, आत्या आणि दोन मावश्या घ्या. पूर्ण तिकिटाचे धनी तुम्ही एकटेच. खिडकीची जागा मात्र आजीची. तिचं आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. भिजलेल्या आधारावरचं वय कंडक्टरला वाचता येत नाही.

३. आरम नदीकाठी देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या मंदिरात जा. मामलेदाराचं देऊळ असणारं गाव विरळाच. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदारांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. पुढे तपासणी झाली तेव्हा खजिन्यात एक पैही कमी भरली नाही, असं भाविक सांगतात. सवलत द्यावी तर अशी. मात्र दर्शन घेऊन तहसील कचेरीत तीच अपेक्षा ठेवू नका.

४. बाजार समितीत कांद्याचा लिलाव बघा. प्रवेश मोफत, नाट्य अस्सल. चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा ट्रॅक्टरमधून येतो, वर ताडपत्री. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळचा एक कांदा काढून अंगठ्यानं दाबतो आणि भाव पुकारतो. शेतकरी त्या अंगठ्याकडे बघत असतो. दमट हवेत चाळीतला माल सडतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. इथे घासाघीस करू नका. गावातली सर्वात मोठी सवलत इथेच दिली जाते, देणाऱ्याच्या मर्जीविरुद्ध.

५. ताहाराबाद-मुल्हेरमार्गे साल्हेर. उंची १५६७ मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला. १६७२ साली मराठ्यांनी याच्या पायथ्याशी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं; २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पावसाळ्यात तो ढगात असतो, म्हणजे दिसत नाही. वाट निसरडी, नवशिक्यांनी पायथ्याच्या टपरीवर बसून किल्ल्याच्या दिशेनं तोंड करावं, भजी खावी आणि जाऊन आल्याचं सांगावं. फोटोत फक्त पांढरं येतं, त्यामुळे खोटं कुणी पकडत नाही.

६. तक्रार. ‘पावसानं सहलीचा विचका केला’ हे वाक्य सटाण्यात मोठ्यानं म्हणू नये. शेजारच्या बाकावर चहा पिणाऱ्याचा मका पाण्यावाचून माना टाकून उभा असतो. तो वळून एवढंच विचारेल, “भाऊ, तुमच्याकडे जास्तीचा झाला का? मग इकडे धाडा ना.” त्यावर उत्तर नसतं. चहाचे पैसे मात्र द्यावेत, त्याच्यासकट. दिवसभरात पूर्ण भावानं घ्यावी अशी तेवढी एकच गोष्ट.