भिंतीला जाणारा रस्ता

कोल्हापूरच्या उपनगरातील रस्त्याचे तीन भाग असतात: कमान, खड्डे आणि भिंत. कमानीवर कॉलनीचे नाव आणि त्याहून मोठ्या अक्षरांत सौजन्य असते. खड्ड्यांवर पुरेसे लिहून झाले आहे. भिंत मात्र उपेक्षित राहिली.

शाहूपुरी, राजारामपुरी या वसाहती संस्थानकाळात आखल्या गेल्या. तिथे पहिली गल्ली, दुसरी गल्ली असे आकडे मोजत गेलेला माणूस चुकला तरी पुढच्या चौकात सापडतो. शहर पाचगाव, कळंबा, मोरेवाडीकडे सरकले तेव्हा गल्लीचा नंबर गेला आणि गट नंबर आला. एका गटात एक लेआउट, लेआउटचा रस्ता बांधापर्यंत आणि बांधावर भिंत. पलीकडे भावकीतल्याच दुसऱ्याचा लेआउट, त्याचाही रस्ता तिथेच येऊन थांबलेला. थोरला आणि धाकटा ज्या हातभर बांधासाठी कोर्टाची पायरी चढले, त्या बांधाने शहराचा नकाशा काढला. ऊस गेला, बांध राहिला. जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. त्यावरची घरे नियमित करायला २००१ मध्ये कायदाही झाला. पण भिंतीवर जाणारा रस्ता नियमित केला तरी भिंतीवरच जातो.

भिंतीवरून तांबड्या रश्श्याचा डबा हातोहात जातो. तोच डबा गाडीवरून पोचवायचा तर कमानीतून बाहेर, मुख्य रस्त्यावर, कोंडीत, पुढच्या कमानीतून आत. तोवर रश्श्यावर तवंग गोठलेला. अशा प्रत्येक डब्यासाठी, शिकवणीसाठी, कोथिंबिरीच्या जुडीसाठी सगळ्या कॉलन्या एकाच मुख्य रस्त्यावर उतरतात. मग कोंडी होते, कोंडीवर उपाय म्हणून मुख्य रस्त्याच्या रुंदीकरणाची मागणी होते, रुंदीकरणासाठी झाडे पडतात, आणि नऊ इंची भिंतीला कुणी बोट लावत नाही. घंटागाडीला वळायला जागा नाही म्हणून ती रोज सकाळी अख्खी गल्ली उलटी चालत बाहेर पडते. रात्री रुग्णवाहिकाही तशीच, आत पेशंट घेऊन, मागे मागे. याला विकास म्हणणाऱ्यांना एकदा त्या स्ट्रेचरवर झोपवून बाहेर काढावे.

१९२९ मध्ये अमेरिकेतील रॅडबर्न येथे बंद गल्ल्या मुद्दाम आखल्या गेल्या, पण पायी चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा ठेवून. कोल्हापुरात ती वाट शाळेची मुले पाडतात. दोन विटांपासून सुरुवात होते, पावसाळ्यापर्यंत सायकल मावते, दिवाळीपर्यंत दुचाकी. हे भगदाड म्हणजे परिसरातील एकमेव जोडरस्ता. त्याला लागून असलेला प्लॉट जाहिरातीत ‘टू साइड ओपन’ म्हणून चढ्या दराने विकला जातो.