अळ्यायले बलावलं काय?

पोस्टरची लांब नळी घेऊन बसमध्ये चढणं म्हणजे वऱ्हाडात चौकशी ओढवून घेणं. अमरावतीच्या स्टँडवरच कंडक्टरनं ती बोटानं ठोकून पाहिली.

"काय व्हय हे? बंदूक तं नाई?"

"पोस्टर आहे. अकोल्याला कीटकशास्त्राची परिषद आहे."

"किड्यायची परिषद! मंग अळ्यायले बलावलं काय?"

बस हसली, आणि बडनेरा यायच्या आत मी तिचा अधिकृत किडेडॉक्टर झालो. एका काकूंनी तुरीवरची शेंगअळी सांगितली, कुणी गव्हातले सोंडे, एका आजोबांनी तर खाटेतल्या ढेकणांवर उपाय मागितला. फी मात्र कुणी विचारली नाही.

या रस्त्याचं नाव जून 2022 मध्ये गिनीज बुकात गेलं. 75 किलोमीटरचा डांबरी थर, 105 तास 33 मिनिटांत! आमच्या बसला ही बातमी अजून कुणी दिलेली नसावी. त्यामुळे मूर्तिजापूर येईपर्यंत शेजारच्या कास्तकार काकांना माझी तोंडी परीक्षा घ्यायला भरपूर वेळ मिळाला. मी घडाघडा म्हणून दाखवलं: गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे; एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले की फवारणी.

"अन् सातच सापडले तं? सात पतंग उपास धरतेत काय?"

पुस्तकात याला उत्तर नव्हतं. मी विषय बदलून 2017 सालावर आलो. बीटी कपाशीतल्या विषाला ही अळी सरावली होती, त्या वर्षी तिनं विदर्भातली बोंडं पोखरली. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली.

"अळी सरावली, आमी नाई सरावलो," काका म्हणाले आणि बोरगाव मंजूपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

अकोला आलं. पंजाबराव देशमुख जन्मानं पापळचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ मात्र 1969 पासून अकोल्यात. हे गिळून मी सभागृहात शिरलो. पडद्यावर तीच बोंडअळी अजगराएवढी पसरली होती. बसमध्ये जिच्या नावानं बोटं मोडली, तिच्या फोटोला इथं टाळ्या! माझ्या पोस्टरपाशीही लोक आले. एकानं चार्जरचा प्लग कुठंय विचारलं, दुसऱ्यानं जेवण किती वाजता. तिसरे पांढऱ्या केसांचे प्राध्यापक खरोखर वाचायला लागले.

"पातळी आठच का?"

"सर, खरंय. सात काही उपास धरत नाहीत."

ते खदखदून हसले आणि वाक्य वहीत उतरवून घेतलं. काकांचं नाव त्यांना मी सांगितलं नाही, मलाच ते ठाऊक नव्हतं.

रात्री जेवण उघड्यावर होतं. दिव्याभोवती नोंदणी न केलेले प्रतिनिधी जमले, आणि त्यांत आला तिळावरचा तो मोठा पतंग: पाठीवर कवटीचं चित्र, धरला की चूंचूं करणारा, मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरणारा. ताटं टाकून विद्वान धावले. तेवढ्यात आचारी झाडू घेऊन आला.

"मारू नका!" चहूकडून ओरड झाली.

"मारू नोको तं काय वाढू त्याले? कढीत पडला तं मलेच बोलान!"

शेवटी एका डॉक्टरेटवाल्यांनी वाटीतला गुलाबजाम तोंडात टाकला आणि ती वाटी पतंगावर उपडी घातली. आचारी झाडू टेकवून शेजारीच उभा राहिला.

"साहेब, वाटी मातर परत पायजे."