माहिती चवीपुरती

मराठी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर नव्यानं बसणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन. माहिती किती आणि मनोरंजन किती, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला छळतो. उत्तर सोपं आहे. माहिती मिठासारखी, चवीपुरती. कमी पडली तर प्रेक्षक कुरकुरत नाही. जास्त झाली की ताट सारून मालिकेकडे वळतो.

आधी वेळेचा हिशेब. नियमानं तासातली १२ मिनिटं जाहिरातींची. उरलेल्या ४८ मिनिटांतली बरीचशी ‘थोड्याच वेळात पाहूया’ हे सांगण्यात जातात. कांद्याचे भाव, पीकविमा, रखडलेली शिक्षकभरती हा ऐवज ‘शंभर बातम्यां’मध्ये घालावा. तिथं एकेका बातमीला काही सेकंद मिळतात आणि मागे ढोल बडवलेला असतो, त्यामुळे काही लक्षात राहण्याचा धोका नाही. शिवाय ‘दाखवलं नाही’ असं म्हणायची कुणाची टाप नाही.

खरी विद्या आहे ती कॅमेरा कुठे रोवायचा याची. त्यासाठी जून २०२२मधल्या गुवाहाटीचा अभ्यास करावा. शिवसेनेचे बंडखोर आमदार तिथल्या हॉटेलात मुक्कामाला होते. त्याच दिवसांत आसामात महापूर होता; सिलचर शहर पाण्यात होतं, लाखो माणसं पूरग्रस्त होती. नवखा इथेच घसरतो. एवढ्या लांब आलोच आहोत तर पूरही दाखवू, असं त्याला वाटतं. मुळीच नाही! कॅमेरा हॉटेलच्या फाटकावरून हलता कामा नये. पूर डोळ्यांना दिसतो, त्यावर चर्चा काय करणार? फाटकाआड मात्र काहीच दिसत नाही, म्हणून दिवसभर बोलता येतं. गाडी आत गेली, ब्रेकिंग. तीच गाडी बाहेर आली, मोठी बातमी. गाडीत कोण होतं? सूत्रांना विचारावं.

त्यात सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटलांचं फोनवरचं बोलणं व्हायरल झालं आणि आसामविषयीची सगळ्यांत टिकाऊ माहिती महाराष्ट्राला मिळाली : तिथं झाडी आहे, डोंगर आहे, हाटील आहे. (बापूंचा लहेजा फर्मास होता. आम्हीही पुन्हा पुन्हा ऐकला.)

संध्याकाळच्या चर्चेला विषयाचा एक तरी जाणकार बोलवावा. त्याचं नाव-पद ठळक दाखवावं, त्यानं तोंड उघडताच ‘सर, थोडक्यात’ म्हणावं आणि ओरडणाऱ्या प्रवक्त्याकडे जावं. जाणकारानं आकडेवारी काढलीच, तर ब्रेक घ्यावा.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलंच तर वाहिन्यांचा प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे गुरुवारचे आकडे पुढे करावेत आणि ‘लोकांनाच हे हवंय’ म्हणावं. फक्त एक अडचण आहे. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीरच होत नव्हते. लोकांना काय हवंय हे दाखवणारा कागदच हाताशी नव्हता; मनात आणलं असतं तर बिनधास्त पेरणी, पाणी, शाळा दाखवता आल्या असत्या. पडद्यावर मात्र तोच ढोल वाजत राहिला. तेव्हा प्रेक्षकांच्या माथी खापर फोडताना या सतरा महिन्यांचा उल्लेख कटाक्षानं टाळावा.