'नीट' आणि 'नेक्स्ट'

गाडीतळाहून मगरपट्ट्याकडे चालत निघा. वडापाव लागेल, मोबाइलचं दुकान लागेल आणि दोन्हींच्या मधे दातांचा दवाखाना. हडपसरात दाढ दुखली तर डॉक्टर शोधावा लागत नाही.

डॉक्टरला दाढ शोधावी लागते.

बीडीएसच्या पोरांना अधूनमधून कुणीतरी फॉर्म देतं : करिअरबद्दल समाधानी आहात का? समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबून 'काय, बरं वाटतंय ना?' विचारायची खोड खरं तर दाताच्या डॉक्टरांची. आता कळेल!

असमाधानाचं मूळ शोधायला एक्स-रे नको. बहुतेकांना हवं होतं एमबीबीएस. 'नीट' नीट गेली नाही, म्हणून दात. नातेवाइकांना सांगताना मात्र 'डॉक्टर होतोय'. कसला, ते विचारलं तरच.

मग चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. त्यात मुख्य विद्या कोणती? पेशंट आणणं. इतक्या दाढा काढल्या, इतक्या भरल्या, की कोटा पुरा. मेसच्या मावशी, वॉचमनकाका, गावाकडचा चुलता, सगळ्यांना खुर्चीत बसवून होतं. चुलत्याची तंबाखू सुटत नाही, तो भाग वेगळा.

पास झाल्यावर? गाळ्याचं भाडं आणि खुर्चीचा हप्ता. नाहीतर दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्केवारीवर. सकाळी मांजरी, संध्याकाळी मुंढवा. पेट्रोल स्वतःचं.

त्या फॉर्मातल्या 'पुढे काय?' या रकान्यात खरी गंमत. एमडीएस, म्हणजे आणखी तीन वर्षं. कॅनडा, म्हणजे शिकलेलंच पुन्हा परीक्षा देऊन पटवायचं. एमपीएससी. मेडिकल कोडिंग : एसी, महिन्याला पगार, कुणाचं तोंड बघायला नको.

थोडक्यात, दात सोडून काहीही.

सोलापूर रस्त्याने पुढे जा. पाट्या विरळ होत जातात, मशेरीने काळे पडलेले दात काही विरळ होत नाहीत. तिकडे जायचा बेत कुणी लिहिलाय? आणि का लिहावा? लाखांची फी भरलेल्या पोराने शंभर रुपयांत दाढ उपटायची, हा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतःचा पोरगा पाठवावा.

सरकार मात्र स्वस्थ नाही. १९४८ चा दंतवैद्यक कायदा मोडीत काढायला २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्यात शेवटच्या वर्षाला, परवान्यासाठी, देशभर एकच परीक्षा. नाव 'नेक्स्ट'.

आत शिरायला 'नीट', बाहेर पडायला 'नेक्स्ट'.

आणि दवाखाना उघडल्यावर 'नेक्स्ट' म्हणून हाक मारावी, तर बाकावर औषध कंपनीचा एमआर.