वेल्ड केलेला नट आणि न सांगितलेला क्रँक

महोदय,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' अशी करायची रीत आहे. आज ती पाळवत नाही. तुम्ही मला विकलेली यामाहा बान्शी सध्या माझ्या गॅरेजात पूर्ण उघडलेली आहे. तिचे भाग टेबलावर ओळीने मांडले आहेत आणि जवळजवळ प्रत्येकावर तुमच्या हातची खूण आहे. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्ही स्वतःला ओळखालच, कारण सिलिकॉनच्या पिळून संपवलेल्या नळ्या अजून तुमच्या फडताळात असतील.

इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत आपली ओळख झाली. तुम्ही पुण्याचे, मीही पुण्याचा. 'कॉलेजात असताना आरडी स्वतः उघडून जोडायचो,' असं तुम्ही म्हणालात, आणि त्या एका वाक्यावर मी तुमच्यावर विश्वास टाकला. जो माणूस आरडी, म्हणजे राजदूत ३५०, उघडून जोडतो, त्याला टू-स्ट्रोक इंजिनात काय चालतं आणि काय चालत नाही हे ठाऊक असतं. तुम्हालाही ते ठाऊक होतं, म्हणूनच राग जास्त आहे.

ज्या वाचकांनी बान्शी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही चार चाकांची, एकट्याने चालवायची वाळूतली गाडी. अमेरिकेत ती १९८७ ते २००६ या काळात विकली गेली. शेतावर ओझी वाहणाऱ्या क्वाडशी तिचं नातं नाही. ती निव्वळ वेगासाठी जन्मली. पाण्याने थंड होणारं, दोन सिलिंडरचं, ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, रिव्हर्स नाही, सेल्फ स्टार्ट नाही, फक्त किक. पेट्रोलमध्ये तेल आपल्या हाताने मिसळून टाकायचं. हे इंजिन यामाहाच्या आरडी घराण्यातलंच आहे. एस्कॉर्ट्सने १९८३पासून काही वर्षं भारतात बनवलेल्या राजदूत ३५०चा बोअर ६४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ५४ मिलिमीटर. बान्शीचेही तेच आकडे. राजदूतचं इंजिन हवेने थंड होणारं, त्यामुळे भाग सरळ एकमेकांना बसत नाहीत, पण किक मारल्यावर येणारा तो आवाज पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला लगेच ओळखू येतो. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर दोन बान्शी शर्यतीला उभ्या राहिल्या की मला डेक्कनवरची संध्याकाळ आठवते. म्हणून मला ही गाडी हवी होती.

आता तुमच्या कर्तबगारीकडे येतो.

इंजिन पकडलं तेव्हा मी हेड काढलं. डावा पिस्टन एका कंपनीचा, उजवा दुसरीचा. डाव्याच्या माथ्यावर ६४.२५ कोरलेलं, उजव्याच्या ६४.५०. बान्शीचे दोन्ही सिलिंडर वेगवेगळे असतात आणि आत बिडाची लायनर असते, त्यामुळे एकच सिलिंडर बोअर करून घेता येतो. पण एक सिलिंडर गेला म्हणून तेवढाच बोअर करून दुसरा तसाच ठेवायचा, आणि गाडी विकताना 'टॉप एंड नवीन आहे' म्हणायचं, ही लबाडी झाली. अर्धा टॉप एंड नवीन होता. उरलेला अर्धा माझ्या माथी मारलात.

तरीही पिस्टनचं दुःख लहान आहे, ते पैशांनी सुटतं. खरा घोळ त्याच्या खाली होता. मी गाडीच्या सालाप्रमाणे पिस्टन आणि पॅकिंगचा सेट मागवला, तो बसेना. पिस्टन वरून खाली किती जातो ते व्हर्निअरने मोजलं. ५४ यायला हवं होतं, आलं ५८. म्हणजे तुम्ही क्रँक बदलला होता. चार मिलिमीटर जास्त स्ट्रोकचा क्रँक, आणि त्यावर ११० मिलिमीटरच्या मूळ कनेक्टिंग रॉडऐवजी ११५चे लांब रॉड. ३४७ सीसीचं इंजिन अशाने साधारण ३७३ सीसीचं होतं. बान्शीवाले हे आवडीने करतात आणि त्यात काही वाईट नाही. नीट जुळवलेलं असं इंजिन वाळूत जीव ओतून पळतं.

पण महोदय, लांब रॉडला पिस्टन वेगळा लागतो. त्याचं पिनचं भोक पाच मिलिमीटर वर असतं. मूळ मापाचा पिस्टन त्या रॉडवर चढवला की तो पाच मिलिमीटर वर जातो आणि थेट हेडवर आदळतो. शिवाय स्ट्रोक चार मिलिमीटर वाढला की पिस्टन दोन मिलिमीटर वर आणि दोन खाली जास्त जातो, म्हणून हेडचे डोम त्या हिशोबाने कापलेले असावे लागतात, नाहीतर सिलिंडरखाली तेवढ्या जाडीची पट्टी घालावी लागते. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ते केलं होतं. मी गाडी बघायला आलो तेव्हा मुद्दाम विचारलं होतं की इंजिनात काही बदल आहे का. तुम्ही म्हणालात, 'स्टॉक आहे.' न मोजता कोणी नुसत्या सालावर विसंबून इंजिन जोडलं असतं तर पहिल्या किकला क्रँक, पिस्टन, हेड, सगळं भंगारात गेलं असतं. याला विसरणं म्हणत नाहीत.

मग सिलिंडर उचलले. सिलिंडरखाली कागदी पॅकिंग असतं. तुमच्याकडे ते नव्हतं, म्हणून तुम्ही सिलिकॉन थापलंत. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसता तळ नव्हे, तोच पंप आहे. हवा, पेट्रोल आणि तेल त्यातूनच वर जातं. तिथून बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं तेलही कमी, उष्णता वाढते आणि पिस्टन पकडतो. माझा नेमका तसाच पकडला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे चरे होते. कॉइलच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सीलही दगडासारखं झालं होतं. एखाद्या तासाच्या कामाने हे आधीच कळलं असतं. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करायची, आत साधारण ६ पीएसआय हवा भरायची, ६ मिनिटं काटा पडतो का बघायचं. पडला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. बान्शीवाले ही चाचणी इंजिन जोडल्यावर प्रत्येक वेळी करतात. तुम्ही सिलिकॉन लावलंत आणि गाडी धुऊन, प्लास्टिक चमकवून माझ्यापुढे उभी केलीत.

कार्बोरेटरबद्दल लिहिताना हात थरथरतो. मिकुनीच्या खऱ्या जेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि बाजूला आकडा. तो आकडा म्हणजे जेटची ओळख. त्यावरून माणूस पुढे एक नंबर मोठा घ्यायचा की लहान हे ठरवतो. तुम्ही त्या जेटची भोकं हाताच्या ड्रिलने मोठी केलीत. आकडा जुनाच, भोक नवं. दोन कार्बोरेटरमधली भोकंही सारखी नाहीत. म्हणजे आकडा वाचूनही आता काही कळत नाही. नवा जेट अमेरिकेत चार-पाच डॉलरला मिळतो. तेवढे वाचवण्यासाठी तुम्ही गाडीच्या अंगावर लिहिलेली माहितीही खोटी करून ठेवलीत.

एअर फिल्टरबद्दल एकच वाक्य: कोरडा, तेल न लावलेला फोम वाळूत चालवणाऱ्याने टू-स्ट्रोकला हात लावू नये.

आणि आता तो नट. बान्शीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर दुहेरी नट असतात आणि ते सैल होतात, ही तिची जुनी खोड आहे. उपायही जुना आहे: आटे स्वच्छ करायचे, आटे धरून ठेवणारं द्रव लावायचं, दोन्ही नट टॉर्क पान्याने घट्ट करायचे, चार-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासायचे. नाहीतर बाजारात चिमटून बसणारे सुधारित नट मिळतात. तुम्ही नट वेल्ड केलात. आता आतलं बेअरिंग बदलायचं तर अ‍ॅक्सलच कापावा लागेल. बेअरिंग कधीतरी जाणारच असतं. आपल्यानंतर कोणी ते बदलणारच नाही, असं धरून चालणारा माणूस वेल्डिंग करतो.

टीओआरएस काढलंत, त्याच्या वायरी कापून टेप गुंडाळलीत. बरेच जण ते काढतात, मला माहीत आहे. पण ते कशासाठी आहे हेही लिहू दे: अंगठ्याने थ्रॉटल सोडला आणि कार्बोरेटरची स्लाइड वरच अडकली, तर ते ठिणगी तोडतं, नाहीतर गाडी सुटते. बान्शीवर कंपनीचीच सूचना आहे की १६ वर्षांखालच्या कोणी ती चालवू नये. इतकी ती तापट आहे. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिला ही गाडी शिकायची आहे, हे मी तुमच्या अंगणात, तुमच्यासमोर बोललो होतो. टीओआरएस नाही, एवढं सांगायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

तुम्ही म्हणाल, जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत, मग माणूस काय करणार. हे बान्शीबद्दल म्हणू नका. कावासाकीची टेकेट-४ फक्त १९८७ आणि १९८८ सालची, सुझुकीची एलटी५००आर १९८७ ते १९९०ची. त्यांचे मालक एकेका भागासाठी महिनोन्‌महिने वणवण करतात आणि त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. बान्शीचं तसं नाही. तिच्यासाठी क्रँक, सिलिंडर, हेड, क्रँककेस, अगदी चेसिससुद्धा नवी बनवणारे लोक आहेत. यामाहाच्या पार्ट नंबरात एक सुंदर शिस्त आहे. पहिली तीन अक्षरं सांगतात की भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढला. बान्शीला २जीयू आणि ३जीजी. मधले पाच आकडे सांगतात भाग कोणता. ११६३१ म्हणजे पिस्टन, ११३५१ म्हणजे सिलिंडरखालचं पॅकिंग. ही पद्धत कळली की भंगाराच्या दुकानात मळलेल्या पाकिटावरचा नंबरही बोलायला लागतो. एखाद्या भागाचा नंबर बदलला तर जुन्यावरून नवा सापडतो. कंपनीने इतक्या वर्षांपूर्वीच्या एका वॉशरचीही नोंद ठेवली आहे. आणि तुम्ही अख्खा क्रँक बदललात तरी एका ओळीची नोंद नाही.

पार्ट विकणारा पहिला प्रश्न विचारतो, 'कोणत्या सालची?' तुमच्यामुळे माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. चेसिस एका सालची आहे, क्रँक कोणाचा माहीत नाही, डोम किती कापले माहीत नाही, सिलिंडरचे पोर्ट घासले आहेत की नाहीत माहीत नाही. प्रत्येक भाग काढा, धुवा, मोजा, मग मागवा. पार्टच्या किमतीपेक्षा ही मोजणी महाग पडते आणि ती पूर्ण टळण्यासारखी होती.

पुण्यात आमच्या पेठेत आरडीची कामं करणारा एक मेकॅनिक होता. बोअर करून आणलेल्या सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावर तो खिळ्याने साइज आणि तारीख कोरायचा. टाकीखाली चिकटपट्टीने कागद लावायचा: जेट कोणते, प्लग कोणता, सील कधी बदललं. त्याचं शिक्षण फार नव्हतं. गाडी पुढे कोणाच्याही हाती गेली तरी ती आंधळी जाऊ नये, याची त्याला चाड होती. तुम्ही त्याच शहरात आरडी उघडायला शिकलात म्हणता. त्यातला हा धडा तुम्ही घेतला नाहीत.

पैसे परत मागत नाही. गाडी मी उभी करणार आहे. ती या सगळ्यापेक्षा मोठी आहे. मला माहिती हवी आहे. क्रँक कोणाकडून घेतला, रॉड कोणत्या कंपनीचे, डोम कोणी कापले आणि किती, पोर्ट घासलेत का, क्लचमध्ये काय बदललं, वायरिंगमध्ये कुठे कुठे काय जोडलं. मूळ क्रँक, टीओआरएसचा डबा, एअरबॉक्सचं झाकण, यांतलं काही तुमच्या माळ्यावर पडलं असेल तर पाठवा, टपालाचा खर्च मी देईन. फोनवर बोलायची लाज वाटत असेल तर कागदावर लिहा. तो कागद मी या गाडीच्या फाइलीत लावीन आणि ज्या दिवशी गाडी माझ्याकडून दुसऱ्याकडे जाईल, त्या दिवशी तो तिच्यासोबत देईन.

आणि महोदय, तुमच्या गॅरेजात मी आणखी एक बान्शी पाहिली होती. ती विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याला सगळं लिहून द्या. नट वेल्ड केला असेल तर तेही.

आपल्याकडून गाडी घेतलेला,
फीनिक्स, अ‍ॅरिझोना