मुक्काम पोस्ट १८२४

श्रीमान ‘टी’ यांस,
एलएमएनए जनुक, पहिले गुणसूत्र, अक्षर क्रमांक १८२४.

स. न. वि. वि. (नमस्कार नाइलाजाने. पत्राला मायना लागतो.)

मी निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारल्या, त्यामुळे मुद्राराक्षसाच्या सबंध घराण्याशी माझी जुनी ओळख. पण तुमच्याइतका कसबी त्यात निपजला नाही, हे मोकळ्या मनाने कबूल करतो. आमचा राक्षस ‘दिन’चा ‘दीन’ करतो आणि पकडला जातो. तुम्ही ‘सी’च्या जागेवर जाऊन बसलात आणि अर्थ तसूभर हलला नाही! डीएनएच्या लिपीत जीजीसी म्हणजे ग्लायसीन हा प्रथिनाचा दुवा, जीजीटी म्हणजेही ग्लायसीनच. कोश काढा, व्याकरण लावा, चूक सापडायची नाही.

एकदा गॅलीवर माझ्या चहाचा ओघळ गेला. मजकूर शाबूत होता, पण जुळाऱ्याला ती खोडल्याची रेघ वाटली आणि चार ओळी उडाल्या. तुमचे काम त्याच जातीचे. पेशीतला जुळारी तुम्हाला पाहतो, ‘इथे कापायचे’ असे समजतो आणि १५० अक्षरे गाळतो. म्हणजे लॅमिन ए या प्रथिनाचे ५० दुवे गेले. हे प्रथिन पेशीकेंद्राच्या आवरणाशी पोचावे म्हणून त्याला एक तेलकट शेपूट जोडतात आणि काम झाले की छाटतात. छाटायची जागा कुठे? नेमकी त्या ५० दुव्यांत! मग शेपूट तसेच राहते, प्रथिन आवरणाला चिकटून बसते आणि गोल केंद्रक वेडेवाकडे फुगते. या चिकट्याला प्रोजेरिन म्हणतात. तुमचे चिरंजीव.

आणि गिऱ्हाईक कोण, तर तान्ही बाळे. सुमारे ४० लाख जन्मांत एक. आईबापांच्या जनुकांत तुम्ही सहसा नसताच, त्यामुळे ‘तुमच्याकडचं’, ‘तुमच्याकडचं’ म्हणून भांडायचीही त्यांची सोय ठेवली नाहीत. बाळ जन्मते चारचौघांसारखे. वर्ष-दोन वर्षांत वाढ खुंटते, केस जातात, कातडी आवळते, आणि उपचार नसले तर सरासरी साडेचौदाव्या वर्षी हृदयविकार किंवा पक्षाघात.

बरे, म्हातारपण आणायचे तर ते तरी नीट आणावे! मोतीबिंदू नाही, विसरभोळेपणा नाही. डोके त्या त्या वयाच्या मुलाचे, तल्लख आणि खोडकर, रोहिण्या तेवढ्या आजोबांच्या. असले अर्धवट काम मी फोरमनच्या तोंडावर परत केले असते. तुमच्याशिवायही हे प्रोजेरिन माझ्यासारख्यांच्या पेशींत थोडेथोडे बनते म्हणे. बनू दे. माझे वय झाले आहे, माझी तक्रार नाही.

तक्रार सॅम बर्न्सच्या वतीने आहे. अमेरिकेतला हा मुलगा. त्याला शाळेच्या संचलन-बँडमध्ये ड्रम वाजवायचा होता. पट्ट्यासकट ड्रम १८ किलोंचा आणि सॅम स्वतः जेमतेम २३ किलोंचा. घरच्यांनी एका अभियंत्याला गाठले आणि त्याने तीन किलोंच्या आतला साज बनवून दिला. सॅम मैदानात चालला आणि त्याने ड्रम वाजवलाही. १८ किलोंची अडचण तुम्ही केलीत, ती सुटली. रोहिण्यांना मात्र हलका साज मिळाला नाही. जानेवारी २०१४ मध्ये तो गेला तेव्हा १७ वर्षांचा होता.

त्याचे आईवडील लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स दोघेही डॉक्टर. १९९९ मध्ये त्यांनी याच रोगासाठी, म्हणजे प्रोजेरियासाठी, संशोधन संस्था काढली. जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये असा पहिला मुलगा नोंदवला होता. तेव्हापासून ११७ वर्षे तुम्ही बिनबोभाट राहिलात. मग २००३ च्या एप्रिलात अमेरिकेतल्या फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या आणि फ्रान्समधल्या निकोलस लेव्ही यांच्या चमूने तुमचा पत्ता जाहीर केला. आमच्याकडे मात्र रोगाचे नाव घरोघर पोचायला २००९ चा ‘पा’ हा चित्रपट आणि अमिताभची रंगभूषा लागली. असो.

पुढे कर्करोगासाठी बनवलेले लोनाफार्निब नावाचे औषध कामाला आले. ते शेपूट जोडूच देत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. आयुष्यात सरासरी अडीच वर्षांची भर. तुम्हाला ती किरकोळ वाटेल. अडीच वर्षांत पोरगा दहावीतून बारावी पार करतो. इटलीचा सॅमी बासो तर रेण्वीय जीवशास्त्र शिकला आणि तुमचाच अभ्यास करायला बसला. आपल्या मारेकऱ्याची वही तपासणारा विद्यार्थी! २०२४ च्या ऑक्टोबरात तो २८ व्या वर्षी गेला. पेपर अर्धा राहिला.

आता जरा सावरून बसा. जानेवारी २०२१ मध्ये डेव्हिड लिऊ यांचा चमू आणि तुमचे जुने परिचित कॉलिन्स यांनी माणसाचे हे बिघडलेले जनुक बाळगणाऱ्या उंदरांना एकच इंजेक्शन दिले. समोरच्या धाग्यावर तुमचा जोडीदार ‘ए’ बसतो. त्याचे रसायन किंचित बदलले की तो ‘जी’ वाचला जातो, तुम्हाला जागा खाली करावी लागते आणि मूळ मालक ‘सी’ घरी येतो. जे उंदीर २१५ दिवसांत मरत, ते ५१० दिवस जगले.

उंदरांची गॅली वाचून झाली. मुलांची यायची आहे. मी लाल पेन्सिलीला टोक करून ठेवले आहे.

कळावे,
एक मुद्रितशोधक